अकराशेच्या पुढे

फोनमध्ये कंपनीची तीच ती धून वाजत होती. ऊलायूनं रिसीव्हर खांद्याशी दाबून धरला होता आणि दोन्ही हात मोकळे ठेवून ती फॉर्म भरत होती. उत्तरेच्या बर्फाळ किनाऱ्यावरच्या नुवुआलुक गावच्या सहकारी भांडारात नऊ वर्षं ती हेच करत आली होती. भांडारात पीठ, चहा, काडतुसं, पोरांचे बूट, सगळंच मिळायचं आणि बर्फावर पळणाऱ्या स्नोमोबाईलही मिळायच्या. विकलेली गाडी बिघडली की वॉरंटीचे कागद ऊलायूच्या टेबलावर येत. एरवी वर्षाकाठी दोन-तीन. यंदा मात्र रीतच सुटली होती.

सप्टेंबरच्या जहाजातून एकाच नव्या मॉडेलच्या अकरा गाड्या उतरल्या होत्या. चकचकीत, हलक्या, पेट्रोल कमी पिणाऱ्या. मार्च अर्धा सरला नव्हता तोवर त्यातल्या तीन मेल्या होत्या, आणि ही आजची चौथी. चारही एकाच तऱ्हेनं गेल्या. गाडी पळता पळता, समोर एकही लाल दिवा न लागता, इंजिन एकाएकी आवळून बसलं. पुन्हा हललंच नाही.

टेबलापलीकडे पीतालूसी उभा होता. गावातला एकुलता एक मेकॅनिक, सत्तरी ओलांडलेला, पार्क्याच्या, म्हणजे टोपीवाल्या जाड कोटाच्या, बाह्यांना कायमचा तेलाचा वास. त्यानं मूठ उघडली. तळहातावर बटणाएवढं प्लास्टिकचं पांढरं चाक होतं. दाते असलेलं म्हणायचं, पण दाते उरलेच नव्हते. कडेनं नुसता भुगा.

"बघ आई," तो म्हणाला. "चौथं."

ऊलायू अठ्ठेचाळीस वर्षांची. पण ती जन्मली त्याच्या आदल्या महिन्यात पीतालूसीची आई वारली होती आणि तिचंच नाव या पोरीला ठेवलं गेलं. त्यामुळे इथल्या रीतीनं ती त्याची आईच. ती रांगत होती तेव्हापासून तो तिला आई म्हणत आला होता, आणि बोलायला लागल्यापासून तीही त्याला पोरा म्हणून दटावत आली होती.

"परत उघडलंस ना इंजिन, पोरा?"

"न उघडता कळणार कसं?"

"उघडलंस की ते म्हणतात, अनधिकृत माणसानं हात लावला, वॉरंटी गेली."

"मग अधिकृत माणूस पाठवा म्हणावं."

"तो विमानानं तीन तासांवर बसतो. गाडी त्याच्याकडे पाठवा म्हणतात. भाड्यात दुसरी गाडी येईल."

"मग मी काय करू? बाहेरनं कान लावून बसू, पोटात काय दुखतंय ते ऐकत?" त्यानं ते चाक तिच्या फॉर्मवर ठेवलं. "हे फिरतं म्हणून तेल इंजिनात जातं. गारठ्यात प्लास्टिक काचेसारखं होतं. दाते झडत झडत एक दिवस सगळे जातात. टाकीत तेल असतं भरलेलं, म्हणून दिवा लागत नाही. दिवा टाकी बघतो, इंजिन नाही बघत. इंजिन कोरडं पळतं, पळतं, आणि मग..." त्यानं दोन्ही मुठी एकमेकींवर आवळल्या.

धून थांबली. दक्षिणेतल्या कुठल्याशा शहरातून हॅलोरन नावाचा कंपनीचा माणूस बोलू लागला. आवाज मऊ होता, नेहमीसारखाच. तेल कोणतं वापरलं, त्यानं विचारलं. "तुमचंच," ऊलायू म्हणाली, "तुमच्या नावाचा डबा." मग थंड इंजिनावर एकदम जोर दिला असेल, तो म्हणाला.

"आमच्याकडे इंजिन थंडच असतं हो. आत्ता बाहेर उणे छत्तीस आहे."

"मी नोंद घेतो, मॅडम. फॉर्म पूर्ण भरून पाठवा. किलोमीटरचा रकाना रिकामा ठेवू नका. मागच्या वेळी तुम्ही तो विसरला होतात."

फोन बंद झाला. ऊलायूनं रकान्यात आकडा लिहिला, एक हजार एकशे चौसष्ट. मागच्या फॉर्मचा रकाना खरंच रिकामा होता का, हे पाहायला तिनं ड्रॉवरमधून जुन्या तीन प्रती काढल्या. रिकामा नव्हता. एक हजार एकशे एकतीस. दुसऱ्यावर एक हजार एकशे अठ्ठ्याहत्तर. तिसऱ्यावर एक हजार एकशे एकोणपन्नास.

तिनं चारही कागद शेजारी शेजारी मांडले. नोव्हेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. एकेक करून तिनंच भरले होते, स्वतःच्या अक्षरात, आणि एकदाही एकत्र पाहिले नव्हते. एका आकड्यावरून दुसऱ्यावर तिचं बोट फिरत राहिलं.

"काय गं आई?"

"अकराशेच्या पुढे," ती म्हणाली. "सगळ्या अकराशेच्या पुढे. बाराशेला एकही पोचली नाही."

पीतालूसी वाकून आकडे वाचू लागला. ऊलायूचं मन तेवढ्यात शनिवारकडे गेलं होतं. शनिवारी तिचा धाकटा भाऊ मोसेसी याच दारातून आत आला होता, भुवयांवर बर्फ, आणि भर दुकानात ओरडला होता, "ताई, हजार झाले बघ! अजून जिवंत आहे तुझी लाडकी!" लोक हसले होते. तीही हसली होती. त्याला ती गाडी नकोच होती. जुनीलाच ठोकठाक करून तो आणखी दोन हिवाळे काढणार होता. तिनंच मागं लागून घ्यायला लावली होती. अरे, नवी घे, दोन वर्षांची वॉरंटी आहे, काही झालं तर मी बसलेय की इथे.

रविवारी तो बायकोला घेऊन तळ्यावर मासे धरायला गेला होता. जाऊन येऊन पंचेचाळीस.

तिनं भावजयीला फोन लावला. "रूटी, मोसेसी कुठेय?"

"सीलच्या शिकारीला गेला की. काठाकडे. उजाडल्या उजाडल्या निघाला."

काठ म्हणजे जिथे गोठलेला समुद्र संपतो आणि उघडं पाणी सुरू होतं तो. सत्तर किलोमीटर. ऊलायूनं बेरीज केली नाही. बेरीज आपोआप झाली.

"सॅटेलाइटचं यंत्र नेलंय ना?"

"नेलं असेल... थांब." पावलं वाजली. "ताई, ते इथंच आहे. चार्जिंगला लटकतंय. रेडिओ आहे त्याच्याकडे, पण किनाऱ्यावरच्या कड्यापलीकडे गेल्यावर तो कुठला लागायला. का गं? काय झालं?"

"काही नाही. आला की मला फोन करायला सांग."

पीतालूसी खिडकीशी गेला होता. समोरच्या कार्यालयावरचा झेंडा सकाळी काठीला चिकटून होता. आता तो ताठ उभा होता, आणि त्याचं टोक समुद्राकडे होतं.

"वारा डोंगराकडनं फिरलाय," पीतालूसी म्हणाला. मग, तिच्याकडे न बघता, "परवाच पौर्णिमा झाली."

यापुढचं कुणी बोलायची गरज नव्हती. मोठी भरती खालून बर्फ उचलते आणि जमिनीकडून येणारा वारा त्याला बाहेर ढकलतो. अशा दिवशी काठाजवळचा बर्फ तुटून सुटतो आणि त्यावर जे काही असेल ते घेऊन निघून जातो. ज्याची गाडी चालू असते तो फाट दिसताच उलटा फिरतो आणि पळतो. ज्याची बंद असते तो पळू शकत नाही.

"बूट घाल, आई," पीतालूसी म्हणाला.

शोधपथकाच्या माणसाला तिनं कळवलं. तो म्हणाला, माणसं गोळा करतो, पेट्रोल भरतो, दोन तासांत निघतो. कोण कोण येणार, तिनं विचारलं. त्यानं पाच नावं घेतली. त्यातल्या दोघांकडे त्याच अकरांतल्या गाड्या होत्या.

"त्या दोन गाड्या आणू नका," ती म्हणाली. "काही झालं तरी आणू नका. का ते नंतर सांगते."

बाहेर आली तर पीतालूसी आपल्या कमुतिकवर, म्हणजे गाडीमागच्या लांब लाकडी स्लेजवर, होडी बांधत बसला होता. दोन माणसांची चिमुकली होडी, सील पाण्यात पडला की तो आणायला वापरतात ती. एकेक गाठ तो सावकाश मारत होता.

"होडी कशाला? पोरा, उशीर होतोय!"

"मग काय, मी पोहत जाऊ? चालेल तुला?"

त्यानं शेवटची गाठ मारली आणि ते निघाले.

ती स्लेजवर, होडीच्या कडेला धरून, जायच्या दिशेकडे पाठ करून बसली. त्यामुळे तिला पुढचं काही दिसत नव्हतं. दिसत होतं ते गाव, लहान लहान होत जाणारं, आणि मागं सुटणारा रस्ता. त्या रस्त्यावर मोसेसीच्या गाडीला चाकांऐवजी असलेल्या पट्ट्याची नवी कोरी नक्षी उमटलेली होती. जिथे कुठे ती दिसेनाशी होई तिथे ऊलायू कडेला वाकून ती शोधी, आणि पुन्हा दिसली की सरळ बसे. सूर्य होता, आकाश निळं होतं. असा छान दिवस तिला कधी इतका भयाण वाटला नव्हता.

कडा ओलांडल्यावर पीतालूसीनं गाडी थांबवली आणि रेडिओ तिच्या हाती दिला.

"मोसेसी, मी ताई बोलतेय. मोसेसी, ऐकतोस का?"

खरखर. तिनं चार वेळा हाक मारली. पाचव्यांदा मारून तिनं रेडिओ परत दिला.

तिथून बर्फ उंचसखल झाला. उभे राहिलेले मोठमोठे तुकडे, त्यांतून वाट काढत जायचं. अशाच एका चढावर पीतालूसीची गाडी खोकली, दोनदा हिसका देऊन थांबली, आणि एकाएकी सगळीकडे शांतता झाली. वाऱ्याचा बारीक आवाज, बस.

ऊलायू स्लेजवरून उतरली. "नाही," ती म्हणाली. "नाही, नाही, नाही."

"ओरडू नकोस तिच्यावर," पीतालूसी झाकण उघडत म्हणाला. "बावीस वर्षांची म्हातारी आहे. चढ लागला की दम खाते." त्यानं स्पार्क प्लग काढला, बाहीला पुसला आणि पार्क्यात हात घालून काखेत धरला. तसाच उभा राहिला, थर्मामीटर लावल्यासारखा. त्याचे ओठ हलत होते. तो आकडे मोजत होता की प्रार्थना करत होता, तिला कळलं नाही. विचारायची हिंमतही झाली नाही. सकाळपासून पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं होतं की तोही घाबरलाय.

दोरी दोनदा ओढली, काही नाही. तिसऱ्यांदा इंजिन फुरफुरलं, धूर ओकलं आणि चालू झालं.

पुढच्या अर्ध्या तासात आकाशाचा रंग बदलला. क्षितिजाजवळ निळ्याऐवजी शाईचा पट्टा दिसू लागला. खाली उघडं पाणी असलं की वरचं आकाश असं काळं पडतं. पण तो पट्टा जिथे असायला हवा त्याच्या बराच अलीकडे आला होता. पीतालूसीनं वेग कमी केला. मग आणखी कमी केला. मग थांबलाच.

ऊलायू वळून उभी राहिली आणि तिनं पाहिलं.

मोसेसीच्या गाडीची नक्षी त्यांच्या पायापासून सरळ पुढे गेली होती आणि पाण्यात संपली होती. काळं, वाफाळतं पाणी, वीसेक पावलं रुंद. आणि पाण्यापलीकडे, समोरच्या बर्फावर, तीच नक्षी पुन्हा सुरू होऊन पुढे गेली होती. पण दोन्ही टोकं आता समोरासमोर नव्हती. पलीकडचं टोक थोडं बाजूला सरकलं होतं. ती पाहत होती तेवढ्यातही ते सरकत होतं.

त्याच्याही पुढे, दोनशे पावलांवर, लाल गाडी उभी होती. झाकण उघडं. मागं स्लेज, स्लेजवर एक सील. माणूस नव्हता.

"मोसेसी!" वारा तिच्या पाठीकडून होता, हाक पलीकडे जात असणार. "मोसेसी!"

कुणी आलं नाही.

गाडीजवळ कुणी पडलंय का, हे बघायला तिनं डोळे ताणले. पाण्याकडे बघायचं ती टाळत होती. तिच्या मनात एकच चित्र येत होतं. फाट लहान असताना त्यानं उडी मारायला धाव घेतली असेल, आणि कड ठिसूळ असेल. त्या पाण्यात माणूस किती वेळ टिकतो हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं.

पीतालूसीनं बंदूक काढून आकाशात एक बार काढला. दोघं ऐकत राहिली. पाणी बर्फाच्या कडेला चाटत होतं. वाऱ्यानं होडीची एक दोरी टकटक वाजत होती. ऊलायूनं टोपी मागं सारली, कान उघडे केले, ते जळायला लागले तरी तशीच उभी राहिली.

उत्तरेकडून, खूप लांबून, फांदी मोडल्यासारखा आवाज आला. एकदाच.

"तोच," पीतालूसी म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला. "तोच तो. होडी सोड."

त्यांनी होडी पाण्याच्या कडेला आणेपर्यंत उत्तरेच्या उंचवट्यामागून एक काळा ठिपका निघाला. तो धावत होता, अडखळत होता, पुन्हा धावत होता. पीतालूसी होडीत पाय टाकू लागला तसं ऊलायूनं त्याला धरलं.

"तू नाही. तुझं वजन जास्त आहे. येताना दोघं बसायचेत."

"आई, तू दहा वर्षांत वल्हं धरलं नाहीस."

"दोरी धर तू. घट्ट धर."

होडीच्या मागल्या कडीला दोरी बांधून ती पाण्यावर आली. पाण्यावर लापशीसारखा नवा बर्फ धरत होता. वल्हं त्यात रुतायचं, उचललं की जड व्हायचं, आणि प्रत्येक थेंब वल्ह्यावरच गोठायचा. होडी तिच्या गुडघ्यांखाली इतकी पातळ होती की पाण्याचा गारठा सरळ हाडांत येत होता. तिनं पुढच्या बर्फाच्या कडेवर नजर लावली. ती कड जवळ येत नव्हती. ती वल्हवत होती आणि कड तेवढीच लांब जात होती. एक क्षण तिला वाटलं, दोरी संपेल, मी मधेच लटकेन, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत निघून जाईल. तोंडातून हुंदका निघाला तो तिनं दात आवळून परत गिळला आणि वल्हं मारत राहिली.

होडीचं नाक बर्फाला टेकलं. मोसेसी पोटावर आडवा पडून पुढे सरकत आला आणि त्यानं कडी पकडली. दाढी पांढरी, डोळे लाल, ओठ निळे. एका हातात हातमोजा नव्हता.

"ताई," तो धापा टाकत म्हणाला, "वॉरंटीचे कागद आणलेस का?"

तिला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. "बस आत. हळू. उभा राहू नकोस."

तो रांगत आत आला. होडी काठोकाठ बुडाली आणि तरंगत राहिली. पलीकडून पीतालूसी ओढू लागला. ऊलायू वल्हवत होती आणि मोसेसी तिच्या समोर आक्रसून बसला होता, उघडा हात काखेत. ती विचारणार नव्हती. आत्ता तर नाहीच. पण तोंडातून निघूनच गेलं.

"किती झाले होते?"

"काय किती?"

"किलोमीटर. बंद पडली तेव्हा."

"तू वेडी आहेस का गं?" तो तिच्याकडे बघत राहिला. मग तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी त्याला दिसलं असावं. "अकराशे बेचाळीस," तो म्हणाला. "इंजिन उघडून बसलो होतो ना, समोर तेवढंच दिसत होतं. का?"

ती वल्हं मारत राहिली. मागच्या बर्फावर उभी असलेली लाल गाडी एव्हाना हाताच्या पंजाएवढी दिसत होती.

परतीच्या वाटेवर तो थरथरत्या तोंडानं तुटक तुटक सांगत होता. इंजिन आवळलं तेव्हा त्याला वाटलं होतं, अर्ध्या तासात सुटेल. मोजा काढून काम करत बसला. मग पायाखाली काहीतरी हललं, गाढ झोपेतून कुणी हलवावं तसं, अगदी हळू. तो फाटेपर्यंत पोचला तेव्हा ती आठ पावलांची झाली होती. "कडेकडेनं चालत सुटलो. म्हटलं, पुढं कुठंतरी अरुंद असेल. एकदा इकडं, एकदा तिकडं, तीन तास चाललो, ताई. जिथं जातो तिथं आधीपेक्षा रुंद." त्यानंतर तो बोलायचा थांबला, आणि पीतालूसीनं गाडी थांबवून त्याच्या दोन थोबाडीत मारल्या, झोपू नये म्हणून.

कड्यापाशी शोधपथकाच्या तीन गाड्या भेटल्या. दोन नव्या गाड्या त्यांनी आणल्या नव्हत्या.

मोसेसीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची शेवटची पेरं गेली. बाकी सगळा वाचला. रूटी दवाखान्यात त्याच्या खाटेशी बसून त्याला शिव्या देत होती, ते चार्जरवरचं यंत्र त्याच्या नाकासमोर धरून, आणि मधूनच तोंड फिरवून डोळे पुसत होती.

दोन दिवसांनी ऊलायूनं पुन्हा तो नंबर फिरवला. हॅलोरननं सगळं ऐकून घेतलं. भाऊ सुखरूप आहे हे ऐकून बरं वाटलं, असं म्हणाला, आणि तसं त्याला खरंच वाटलं असावं. मग म्हणाला, "गाडी तपासणीला पाठवावी लागेल, मॅडम."

"गाडी समुद्रात वाहून गेली. आत्ताच सांगितलं मी."

"मग दावा विचारात घेता येणार नाही. नियमच आहे तसा."

ऊलायूनं पाचही आकडे वाचून दाखवले. एकेक, सावकाश. नेहमी त्याच्या मागं इतर माणसांचे आवाज यायचे. ते आता येईनात, जणू त्यानं माउथपीसभोवती ओंजळ धरली होती.

"ती चाकं तुमच्याकडे आहेत?" त्यानं हळूच विचारलं.

"चार आहेत."

"जपून ठेवा. कुणाला पाठवू नका. आम्हालाही नको." आणि लगेच मोठ्यानं, मऊ आवाजात, "मी नोंद घेतली आहे, मॅडम. आपला दिवस चांगला जावो."

फोन ठेवून ऊलायूनं ते चारही कागद पुन्हा समोर ओढले. बर्फावरची भीती तिला लहानपणापासून माहीत होती. त्या भीतीला वारा होता, भरती होती, तिच्याशी कसं वागायचं ते आजोबा-पणजोबा सांगून गेले होते. ही भीती निराळी होती. म्हणजे त्यांना माहीत आहे. तिकडे कुणाच्या तरी टेबलावर तिच्यासारखेच कागद शेजारी शेजारी मांडलेले आहेत, आणि ते मांडूनही तो माणूस जेवायला घरी जातो.

दुपारी बारा वाजता ती गावच्या रेडिओकेंद्रात गेली. त्या वेळी घराघरात रेडिओ चालू असतो. कोण आजारी, कुणाचं कुत्रं सुटलंय, कुणाकडे मांस वाटायचंय, सगळं त्यावरच कळतं. नोकरी जाईल हे तिला ठाऊक होतं. भांडारानं विकलेल्या मालाबद्दल भांडाराच्याच बाईनं रेडिओवर बोलायचं म्हणजे काय. माइकसमोर बसल्यावर तिचा आवाज सुरुवातीला इतका बारीक निघाला की केंद्रातल्या बाईनं तिला जवळ सरकायची खूण केली.

तिनं आकडे वाचले. मग उरलेल्या सहा जणांची नावं घेतली. "तुमच्या गाडीवर नऊशेच्या पुढे आकडा असेल तर गाव दिसेनासं होईल इतक्या लांब जाऊ नका. ही गाडी मीच तुम्हाला विकली. मीच सांगतेय."

तासाभरात भांडारापुढे गाड्या येऊ लागल्या. एक, दोन, चार. संध्याकाळपर्यंत पाच. सहावी जोआनासीची होती, आणि जोआनासी कॅरिबू हरणांच्या शिकारीला दोन दिवसांपूर्वीच आत डोंगरात गेला होता, एकटा. त्याची म्हातारी आई भांडारात आली आणि ऊलायूच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसली.

"किती झाले होते त्याचे, पोरी?"

"मला माहीत नाही, आत्या."

तिला माहीत होतं. गेल्या आठवड्यात त्यानं पट्टा बदलून घेतला तेव्हाची पावती ड्रॉवरमध्ये होती. एक हजार तेहतीस.

दुसऱ्या दिवशी माणसं त्याला शोधायला निघाली ती बर्फाळ वादळानं अर्ध्या वाटेतून परत फिरली. म्हातारी सकाळी येई, खुर्चीवर बसे, दुकान बंद होताना उठून घरी जाई. ऊलायू तिला चहा देई. बाहेर कुठल्याही इंजिनाचा आवाज आला की दोघींची मान एकदम वर व्हायची.

तिसऱ्या दिवशी दुपारी दार ढकलून जोआनासी आत आला. अंगावर बर्फ, खांद्यावर बंदूक, आणि सरळ काउंटरवर जाऊन सिगारेट मागू लागला. आईला बघून थबकला. "तू इथं काय करतेस?"

म्हातारीनं उठून त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि नाकानं त्याचा गाल हुंगला, लहान बाळाचा हुंगतात तसा.

ऊलायूनं हात पुढे केला. "किल्ली दे."

"का? काय केलं मी?"

"किल्ली दे, जोआनासी."

पीतालूसीनं त्याच दुपारी इंजिन उघडलं. आकडा होता एक हजार एकशे बारा. चाकाला तीन दाते शिल्लक होते.

नोकरी गेली नाही. मॅनेजरनं एक पत्र दिलं, तिनं ते घडी घालून ठेवून दिलं. जूनमध्ये विमानातून एक खोकं आलं. त्यात धातूच्या चाकांचे अकरा पंप होते आणि एक छापील चिठ्ठी. ग्राहकांविषयीच्या सद्भावनेपोटी हे सुटे भाग देत आहोत, यातून कोणत्याही दोषाची कबुली अभिप्रेत नाही. पीतालूसीनं ती तिच्याकडून दोनदा वाचून घेतली.

"अकरा पाठवलेत," तो म्हणाला. "मोसेसीचा कुठं बसवू?"

"ठेव तिथंच."

नोव्हेंबरमध्ये समुद्र पुन्हा गोठला. मोसेसीनं कुणाची तरी जुनी गाडी घेतली आहे. अंगठा, दोन अख्खी आणि दोन आखूड बोटं वापरून तो बंदुकीचा घोडा दाबायला शिकतोय. काठाकडे निघायच्या आधी तो भांडाराच्या दारातून डोकं आत घालतो आणि ओरडतो, "ताई, आठ हजार दोनशे सहा!" आता इतरही तसंच करू लागलेत. काही थट्टेनं ओरडतात, काही थट्टेनं ओरडत नाहीत. ऊलायू प्रत्येकाचा आकडा वहीत लिहून घेते, शेजारी निघाल्याची वेळ लिहिते. मग गाडीचा आवाज बर्फावरून लांब जाईपर्यंत पेन हातात धरून ऐकत राहते.